धरलेली जागा

किल्ल्या परत घ्यायच्या कचेरीच्या दारापर्यंत मी पोचलेच होते, तेवढ्यात काचेवर काहीतरी आपटलं. आवाज मोठा नव्हता. ओल्या फडक्याचा बोळा कुणी टेबलावर टाकावा, तेवढाच. आयुष्यभर मी फडक्यानं टेबलं पुसली, त्यामुळे मला आधी वाटलं की आतल्या बाईनंच वैतागून फडकं फेकलं असेल. सकाळपासून आमच्या पाडायला काढलेल्या बारा मजली इमारतीतले म्हातारे तिच्याकडे किल्ल्या द्यायला येत होते, आणि किल्ली देताना प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतंच. पण फडकं काचेच्या बाहेर, माझ्या चपलेशी पडलं होतं आणि त्याला पाय होते. गुलाबी, काडीसारखे. छाती बरोबर दूध जरा जास्त पडलेल्या कॉफीच्या रंगाची. डोळ्यांवरून काळा पट्टा, चोरानं बांधावा तसा. पाठ हिरवी, पंख असे निळे की ह्या शहरात एवढा निळा रंग लावायला परवानगी कुणी दिली असा प्रश्न पडावा. आणि शेपटीखाली, बसल्यावर कुणाला दिसूही नये अशा ठिकाणी, लालभडक. मी त्याला बघताक्षणी ओळखलं, नवरंग पक्षी. ह्याआधी मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

आतल्या बाईनं काचेतून हात करून 'या, या' केलं. मी किल्ल्या पर्समध्ये परत टाकल्या. हातातल्या कागदी पिशवीतला पाव काढून दाराजवळच्या खुर्चीवर ठेवला, नवरंगाला अलगद उचलून पिशवीत घातलं आणि पिशवीचं तोंड दुमडलं. पिशवी एवढी हलकी होती की आत काही घातलं की नाही अशी शंका यावी. बाई दारात आली. "आंटी, किल्ल्या?" "उद्या." "आज शेवटचा दिवस आहे." "कुणाचा?" मी विचारलं. ती गोंधळली. छापील उत्तरं पाठ असलेल्या माणसाला मधेच साधा प्रश्न विचारला की ते असंच गोंधळतं. तेवढ्या वेळात मी परत फिरले. मागून तिचा आवाज आला, "आंटी, तुमचा पाव!" "तू खा," मी म्हटलं.

आमच्या मजल्यावर आता कुणी नव्हतं. सगळ्या दारांवर एकाच रंगाची पट्टी चिकटवलेली, आणि व्हरांड्यातून चालताना माझ्याच चपलांचा आवाज माझ्यामागून येत होता, जणू मीच स्वतःला घराबाहेर काढायला पाठवलेलं माणूस. घरात एक चटई, भाताचं भांडं आणि भिंतीला कॅलेंडरचा खिळा. पलंग, कपाट, देव्हारा आणि नवरा नव्या घरी गेले होते. त्या खिळ्याला मी पिशवी अडकवली. 'काचेवर आपटलेल्याला अंधार द्यायचा. पाणी द्यायचं नाही, दाणे द्यायचे नाहीत, उपदेश तर अजिबात द्यायचा नाही,' असं पक्षीवेडा ऑलिव्हेरो म्हणायचा. मी चटईवर बसून पिशवीकडे बघत राहिले. मधेच कागद कुरकुरायचा, मग बराच वेळ काही नाही. त्या काही नसण्यात मला आमची जुनी वाडी आठवली. ताडपत्री-झावळ्यांचं घर, खाली चिखल, मी परकर सावरण्याच्या वयाची. तेव्हाही अशीच माणसं आली होती, सभ्य, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेली, आणि म्हणाली होती की घराची किल्ली कचेरीत आणून द्या. आमच्या दाराला कुलूपच नव्हतं. आईला रात्रभर झोप नाही. साहेब मागतो आणि आपल्याकडे नाही म्हणजे काय! सकाळी तिनं दाराची कडी उचकटली, धुतली, पुसली आणि साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवली. साहेबानं ती ठेवून घेतली. आमच्या घराण्यात एकदा कडी देऊन झालेली आहे.

ऑलिव्हेरो माझ्या टपरीवर कॉफी प्यायला यायचा. टपरी म्हणजे आमच्याच इमारतीच्या पायथ्याशी असलेल्या खाऊच्या बाजारातला कोपरा: कापडी मोज्यासारख्या गाळणीतून ओतलेली काळी कॉफी, आटवलेलं दूध, नारळाचा जाम लावलेला पाव, अर्धकच्ची अंडी. त्याचे पूर्वज कधीकाळी पोर्तुगालहून मलाक्काला आले होते आणि तो स्वतः मोजणी खात्यातून निवृत्त होऊन माझ्या बाकावर आला होता. गळ्यात दुर्बीण. ख्रिसमसला माझ्यासाठी रव्याचा केक. पक्ष्यांचं वेड ऐकलं की लोकांना वाटतं ह्याला जंगलात जायचं असेल. ऑलिव्हेरो जंगलात जात नसे. "दुर्मीळ पक्षी बघायला लोक विमानानं जातात," तो म्हणायचा, "त्याला तेवढा मान तरी मिळतो. खरी पंचाईत विरळ पक्ष्याची. तो दरवर्षी येतो, तुमच्या दारावरून जातो आणि तुम्ही अंडं फोडत असता." मग तो कॉफीत बोट बुडवून माझ्या पुसलेल्या टेबलावर नकाशा काढायचा आणि मी तो पुन्हा पुसायची. उत्तरेतल्या जंगलांतून नवरंग निघतो, पाऊस संपता संपता; रात्री उडतो, एकटा; पलीकडे सुमात्रा, मधे समुद्र, आणि समुद्राआधी हे शहर, दिवे लावून बसलेलं. ऑक्टोबरच्या अखेरीस वारा फिरतो आणि पहाटे पाऊस पडून जातो, तेव्हा त्याला उतरावंच लागतं. कुठे उतरायचं? ह्या शहरात झाडं रग्गड आहेत, पण त्यांच्या खालची जमीन चाटूनपुसून जेवलेल्या ताटासारखी लख्ख. नवरंगाला हवा असतो पाला. कुजका, ओला, खाली गांडुळं असलेला पाला. "म्हणून झाडाकडे बघायचं नाही, कॉफी आंटी. झाडू जिथे पोचत नाही ती जागा बघायची."

अशी जागा आख्ख्या वस्तीत एकच होती आणि ती ऑलिव्हेरोनं नकाशावरून हुडकली होती. आमच्या इमारतीच्या मागे, भिंत आणि गटार ह्यांच्या मधला एक त्रिकोण. वर कुणीतरी कधीतरी टाकलेल्या कोयीतून उगवलेला आंबा. आमची बाजू झाडायचं काम एका कंत्राटदाराकडे, गटारापलीकडची दुसऱ्याकडे, आणि दोघांच्या नकाशांवरची रेघ अशी ओढलेली की त्रिकोण प्रत्येकाला दुसऱ्याचा दिसे. दोघेही प्रामाणिक. दुसऱ्याच्या हद्दीत कोण झाडू घालील? त्या रेघेच्या जाडीत वर्षानुवर्षं पाला पडला, कुजला, माती झाला, त्यावर पुन्हा पाला. "मी सरकारची एवढी जमीन मोजली," ऑलिव्हेरो म्हणायचा, "पण सरकारला ठाऊक नसलेली एवढीच सापडली. कुणाला बोलू नका." मी कशाला बोलते? मला तर तिकडे जायलाही फुरसत नव्हती. नवरंगाची गांडुळं उकरायची वेळ आणि शहराची कॉफी प्यायची वेळ एकच. दर मोसमात एखाद्या सकाळी ऑलिव्हेरो धापा टाकत यायचा: "आंटी, आलाय!" माझ्या एका हातात उकळती किटली, दुसऱ्या हातात गाळणी, समोर कामावर जाणाऱ्यांची रांग. "दोन मिनिटं थांबव त्याला," मी म्हणायची. कप, पाव, अंडी, सुटे पैसे, कप. मी हात पुसत मागे पोचायची तेव्हा ओल्या पाल्यात एक उलटलेलं पान असायचं, खालची बाजू वर झालेलं, अजून ओलं. तीसेक वर्षं मी उलटलेलं पान पाहिलं. मग ऑलिव्हेरोला त्याच्या लेकीनं पर्थला नेलं. जाताना दुर्बीण माझ्या काउंटरवर ठेवून म्हणाला, "तिकडे पक्षी पुष्कळ आहेत, पण ते तिथलेच. मला जाणारे आवडतात." आणि पर्थहून तो स्वतःही गेला. लेकीचा फोन आला तेव्हा माझ्या हातात किटलीच होती.

दुपार उतरल्यावर पिशवीत धडपड सुरू झाली, अगदी हट्टी पोरासारखी. मी ती खाली नेली आणि आंब्याखाली पाल्यावर आडवी ठेवून तोंड उघडलं. बराच वेळ पिशवी नुसती पिशवी होती. मग तो बाहेर आला. उडाला नाही, एका पंखावर जरा कललेला, दोन उड्या मारून थांबला, माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या दिशेनं बघितलं, आणि चोचीनं एक पान धरून उलटं केलं. तेच ते पान. मी उभी होते, हात रिकामे, रांग नाही, किटली नाही, आणि मला एकदम कुणाचा तरी भयंकर राग आला. कुणाचा ते कळेना. शहराचा म्हणावं तर शहरानं मला दवाखाना दिला, नळ दिला, टपरी दिली. बहुतेक त्या सगळ्या अंड्यांचा आला. तो दुसरं पान उलटत होता. त्याला समुद्र ओलांडायचा होता, त्याच्याआधी अंगात चरबी भरायची होती, आणि पंख सावरायचा होता. थोडे दिवस. ते थोडे दिवस तो इथेच राहणार होता, कारण दुसरी जागा नव्हती.

नवऱ्याचा फोन आला. बून तिओंग लिफ्ट-तपासनीस होता. रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबतो आणि आपल्याला कुणी बघत नसल्याबद्दल त्याला जरा वाईट वाटतं. "म्हातारे, किल्ल्या दिल्यास?" "नाही." "कचेरी बंद होती?" "उघडी होती." "मग?" "नवरंग आलाय." "कोण?" "ऑलिव्हेरोचा." "तो तुझा पोर्तुगीज मेला की!" "त्याचा पक्षी म्हणतेय मी. त्याला बरं वाटेपर्यंत मी इथे आहे." "इथे म्हणजे? तिथलं पाणी तोडतील, वीज तोडतील. नियम आहे." "चटई तोडणार नाहीत ना?" तो म्हणाला, भात कुकरमध्ये किती पाणी घालून लावायचा तेवढं तरी सांग. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत, मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

सकाळी मी खाली उतरले तेव्हा हैरुल पोचला होता. सफाईचा नवा सुपरवायझर, तरुण, हिरव्या जाकिटात, लग्नाचा मुलगा दिसतो तसा इस्त्रीचा. इमारती रिकाम्या झाल्या म्हणून दोन्ही कंत्राटं मोडून एक नवं केलेलं, नव्या कंत्राटाला नवा नकाशा, आणि नव्या नकाशात रेघच नाही. त्याच्यामागे पाला उडवायचं यंत्र पाठीला लावलेला माणूस उभा. हैरुल त्रिकोणाकडे असा बघत होता जसा एखादा डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरनं केलेलं ऑपरेशन बघतो. "आंटी, बाजूला व्हा हं. पाला उडेल." "नको उडवूस." "आंटी, बघा तरी केवढा साठलाय! डास होतील." "पाला ओला आहे, पाणी साठलेलं नाही. डास कुठून होतील?" "मला सांगितलंय काढायला." "मला सांगितलंय ठेवायला." "कुणी?" आंब्यामागे, भिंतीला चिकटून, एक निळा तुकडा हलला आणि थांबला. यंत्रवाल्यानं दोरी ओढायला हात मागे नेला, आणि माझा हात माझ्या पर्समध्ये गेला.

आता हे काही मी ठरवून केलं नाही. टपरी बंद केली तेव्हा टिश्यूच्या पाकिटांचा एक खोका उरला होता. त्यातली मूठभर पाकिटं माझ्या पर्समध्ये कायमच असायची. एवढी वर्षं मी त्या पाकिटांचा कायदा बघितला होता. जेवायच्या वेळी बाजारात टेबल मिळणं म्हणजे लॉटरी. तर माणूस काय करतो, रिकाम्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवतो आणि निवांत रांगेत उभा राहतो. ते पाकीट कुणी उचलत नाही. भुकेला असो, घाईत असो, हातात गरम सूपचं ताट घेऊन घामाघूम झालेला असो, पाकीट ठेवलेल्या खुर्चीवर बसणारा माणूस मी पाहिलेला नाही. आमच्याकडे लग्नं मोडतात, करार मोडतात, मजूर काम करता करता मोडतात. पाकीट मोडत नाही. मी दोन पावलं पुढे झाले आणि पाल्यावर एक पाकीट ठेवलं. भिंतीजवळ दुसरं. आंब्याच्या मुळाशी तिसरं. "आंटी," हैरुल म्हणाला, "हे काय?" "जागा धरलीय." "कचऱ्यात?" "कुठे धरावी असा नियम आहे का? दाखव." त्यानं यंत्रवाल्याकडे बघितलं. यंत्रवाल्याचा हात हवेतच होता. "साहेब," तो खालच्या आवाजात म्हणाला, "धरलेली जागा आहे." "मला दिसतंय ना!" हैरुल चिडला, आणि चिडला तरी पाकिटाला त्यानं हात लावला नाही. त्यानं वरच्या साहेबाला फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती. "हो सर. टिश्यू. नाही सर, पाल्यावर. माहीत नाही सर. आंटी आहे सर… नाही, कुणासाठी ते सांगत नाही." मग बराच वेळ "हो सर, हो सर." फोन ठेवून तो म्हणाला, "वरून कुणी पाहणीला येणार म्हणून धरली असेल तर आधी चौकशी करू म्हणतात. तुम्ही कुणासाठी धरलीय एवढं सांगा ना आंटी, माझी नवी नोकरी आहे." त्या 'नवी नोकरी'नं मला टोचलं. पोरगा वाईट नव्हता. "लांबून यायचेत," मी म्हटलं, "आणि लांब जायचेत." त्यानं ते लिहून घेतलं.

मी आंब्यापासून जरा लांब, उलट्या बादलीवर बसून राहिले. बसणं मला येत नाही. उभ्यानं जन्म गेला. बसल्या बसल्या डोक्यात सगळं येतं. मी कुणासाठी बसलेय? पक्ष्यासाठी म्हणावं तर पक्ष्यानं मला सांगितलेलं नव्हतं. ऑलिव्हेरोसाठी म्हणावं तर मेलेल्या माणसाची जागा धरून काय उपयोग, त्याला कुणी सूप देणार नाही. आईच्या कडीसाठी? ती कडी आता कुठल्या कपाटात असेल, की दुसऱ्याच दिवशी कुणी भंगारात टाकली? मला वाटायचं आई भित्री होती. त्या बादलीवर मला पहिल्यांदा वाटलं की भीती नसेल ती. तिला सगळं नीट पुसून द्यायची सवय होती. माझ्यातही ती आहे. काल सकाळी घर सोडताना मी फरशी पुसली होती, पाडायच्या घराची. मी उठले, वर गेले, गटारावरची माती चपलांना होती तशीच ठेवून घरभर चालून आले. मग खाली येऊन पुन्हा बसले. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाकिटं वाढलेली होती. मी ठेवलेली नव्हती. एक छत्री आडवी घातलेली, एक गळ्यात अडकवायचं ओळखपत्र, आणि सहा-सात टिश्यू. मी विचार करत होते तोवर अजून चालू असलेल्या बाजारातून नाश्ता करून एक जोडपं आलं, जुनं, रस्त्यापलीकडच्या इमारतीतलं. बाई म्हणाली, "कॉफी आंटी, इथे काय मिळतं?" "अजून उघडलं नाही." "चांगलं असतं?" "विरळ असतं." तिनं नवऱ्याकडे विजयानं बघितलं. "मी म्हटलं नव्हतं? उगीच लोक जागा धरत नाहीत." नवऱ्यानं खिसा चाचपला आणि एक पाकीट कडेला ठेवलं. मी त्यांना काही समजावलं नाही. खरं सांगितलं असतं तर ती दोघं पाकीट घेऊन घरी गेली असती, किंवा पोरांना कॅमेरे घेऊन बोलावलं असतं, आणि नवरंग मग सुमात्राऐवजी मोबाइलमध्ये गेला असता. उपाशी माणसाच्या आशेइतकं भक्कम कुंपण नाही.

त्या सकाळी उशिरा बून तिओंग आला. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. डब्यात लगदा झालेला भात. त्याच्यामागे लगोलग हैरुल, जणू रस्त्यातच दोघांचं ठरलं होतं. "अंकल, तुम्ही तरी सांगा. किल्ल्यांची मुदत गेली. दंड लागेल. आणि मला आज हे साफ करून फोटो पाठवायचाय." बून तिओंगनं घसा साफ केला. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलायचा तो त्याचा आवाज मी ओळखते. "म्हातारे, तू दमलीयस." "नाही." "इमारत पडणार. झाड पडणार. आज नाही तर महिन्यानं. तुझ्या बसण्यानं काय राहणार?" "आज राहील." "आणि उद्या?" "उद्या मी इथेच आहे, तेव्हा विचार." तो हैरुलकडे वळून म्हणाला, "ही अशीच आहे." मग माझ्याकडे वळून, जरा हळू, "त्याच्यासाठी एवढं?" मी ऑलिव्हेरोची दुर्बीण त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली नाही. इतक्या वर्षांत त्यानं त्या दुर्बिणीला हात लावलेला नव्हता आणि आताही लावणार नव्हता. आम्ही तिघं गप्प उभे राहिलो. आणि म्हणूनच बहुतेक, आम्ही गप्प होतो म्हणून, भिंतीकडून तो आला. पंख आता सरळ. आडव्या छत्रीजवळ थांबला, तिच्यावरून उडी मारली, दोन पाकिटांच्या मधे उभा राहून एक पान उलटलं, आणि खालून एवढं लांब गांडूळ ओढून काढलं की मागे रेलावं लागलं त्याला. हैरुलच्या तोंडून "अल्ला" एवढंच निघालं. दुर्बिणीची कुणालाही गरज नव्हती.

"एवढासाच?" बून तिओंग म्हणाला.

"एवढासाच."

त्यानं बराच वेळ बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला कळलं नाही. लिफ्टवाल्यांचे चेहरे बंद दारासारखे असतात, मजला आला तरच उघडतात. मग ह्या माणसानं, ज्यानं लाल दिव्यावर कधी रिकामा रस्ताही ओलांडला नाही, शर्टाच्या खिशातून टिश्यूचं पाकीट काढलं, खाली वाकला, गुडघे कडकडले, आणि ते पाल्याच्या अगदी कडेला ठेवलं. उघडं, वापरलेलं, आत जेमतेम दोन कागद. "भरलेलं ठेव की," मी म्हटलं. "पुरे," तो म्हणाला. "पक्षी लहान आहे." मग हैरुलला म्हणाला, "दंडाचं माझ्या नावावर पाठवा." आणि माझ्याशेजारी बादली नसल्यामुळे जमिनीवर बसला.

हैरुलनं त्या दिवशी फोटो पाठवला नाही. पाकिटांच्या मालकांचा शोध चालू आहे असं कळवलं. ते खोटंही नव्हतं. पुढचे दिवस आम्ही दोघं बसलो. एका संध्याकाळी ढग फाटले, वारा पाठीमागून यायला लागला, मानेवर लागेल असा, आणि सकाळी पाल्यात नुसती पानं होती. एक उलटलेलं. खालची बाजू सुकत आली होती, म्हणजे जाऊन वेळ झाला होता. मी बाजारातली गर्दी ओसरेपर्यंत बसले, खात्री व्हावी म्हणून नव्हे. न्याहारीच्या वेळी बसून राहायचं माझं बरंच देणं बाकी होतं. मग आम्ही कचेरीत गेलो. बाईनं किल्ल्या घेतल्या आणि दंड सांगितला. "तेव्हाचा पाव चांगला होता, आंटी," ती म्हणाली.

परत येताना हैरुल आडवा आला, मागे यंत्रवाला. "गेला ना आंटी? मग आता उचला तुमची पाकिटं." "का?" "काम झालं ना!" "अरे, पाकीट माणूस जाताना ठेवतो की येताना? परत यायचं असतं म्हणूनच ठेवतात. मार्चमध्ये ते ह्याच वाटेनं उत्तरेला जातात." "मार्चपर्यंत इथे इमारत तरी असेल का?" "ते तुमचं तुम्ही बघा. जागा धरलेली आहे." त्यानं बून तिओंगकडे आशेनं बघितलं. बून तिओंग म्हणाला, "माझंही आहे त्यात एक," आणि चालायला लागला.

रस्त्याच्या कडेला आम्ही लाल दिव्याला थांबलो. गाडी एकही नव्हती. मागे यंत्र सुरू झालं, आधी फुरफुरलं, मग त्याचा तो दात आवळणारा आवाज वाढत गेला, इमारतीच्या कोपऱ्यावरून, गटाराच्या काठानं, जवळ, अजून जवळ. मी मागे वळून बघितलं नाही. आयुष्यभर ह्या जागेतलं सगळं मी तिकडे पाठ करून ऐकलं आहे, त्यामुळे आवाज कुठे आहे ते मला नीट कळत होतं. तो आंब्याशी पोचला. तिथे बारीक झाला. माझ्या हातावर बून तिओंगचा हात आला, घामानं ओला. यंत्र तसंच बारीक घरघरत राहिलं, जणू कुणाला तरी विचारत होतं. मग हळूहळू कडेकडेनं, वळसा घालून, पलीकडे गेलं.